भूपट्टांची टक्कर समजून घेताना या चुका टाळा

भूगोलाच्या उत्तरपत्रिका तपासताना अभिसारी सीमेचा, म्हणजे दोन भूपट्ट (प्लेटा, पृथ्वीच्या कडक बाह्य थराचे प्रचंड तुकडे) एकमेकांवर येतात त्या जागेचा, प्रश्न आला की पुढचं वाक्य मला आधीच पाठ असतं: ‘जड प्लेट खाली जाते, उष्णतेनं वितळते आणि तोच लाव्हा ज्वालामुखीतून बाहेर येतो.’ जड प्लेट खाली जाते एवढं बरोबर. वितळण्याची गोष्ट चुकीची आहे, आणि ती वाचून मला दर वेळी वाईट वाटतं.

खाली जाणारी प्लेट थंड असते. जपानच्या ईशान्येला बुडणारा पॅसिफिक भूपट्टाचा भाग सुमारे १३ कोटी वर्षं जुना आहे. इतक्या काळात तो निवून जड झालाय, म्हणून तर बुडतो. दगडात उष्णता फार हळू शिरते. अशा पट्ट्यांत ६०० किलोमीटरांहून खोलवरही भूकंप होतात. प्लेट शंभर किलोमीटरवर वितळून संपली असती, तर तिथं तुटायला काय उरलं असतं?

मग शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, येतो कुठून? पाण्यामुळे. समुद्रतळाच्या खडकांतल्या खनिजांत पाणी अडकलेलं असतं. प्लेट साधारण १०० किलोमीटर खोल जाईपर्यंत दाब आणि उष्णतेनं ते सुटतं आणि वरच्या गरम प्रावरणात, म्हणजे भूकवचाखालच्या जाड खडकाळ थरात, शिरतं. त्या खडकाचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी उतरतो, आणि वितळतं ते प्रावरण. तरुण, ऊबदार प्लेट कधी स्वतःही थोडी वितळते, पण तो अपवाद.

एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीच्या एका मुलीनं मेणाची प्लेट केली होती, खाली बल्ब. मेण वितळलं, टाळ्या पडल्या. मी विचारलं, ‘बाळा, बल्ब कशासाठी?’ ती म्हणाली, ‘सर, गाइडमध्ये तसंच आहे.’ चूक तिची नव्हती. प्रदर्शनाबाहेर पॉट आइस्क्रीमवाला बर्फात खडेमीठ टाकत होता. मी तिला तिथं नेलं आणि म्हटलं, बघ, जाळ कुठं आहे? मीठ पडलं म्हणून बर्फ शून्याच्या खालीही पाणी होतोय. प्रावरणात तेच काम पाणी करतं. दुपारी तिनं बल्ब काढून टाकला आणि बाण काढून ‘पाणी’ असं लिहिलं. तेव्हापासून हा धडा मी मीठ-बर्फाशिवाय शिकवत नाही. एका मिनिटाच्या व्हिडिओवर विसंबणाऱ्यांना हे लांबण वाटतं, पण तेवढा वेळ द्यावाच लागतो.

‘प्लेटा लाव्हाच्या समुद्रावर तरंगतात’ असं लिहू नका. प्रावरण घन आहे, फक्त अतिशय सावकाश वाहतं.

भूपट्ट म्हणजे नुसतं भूकवच नव्हे. त्याखालचा प्रावरणाचा कडक थरही त्यातच येतो.

मागून ढकलल्यामुळेच प्लेट बुडते, हेही अर्धवट. बुडालेला थंड भाग स्वतःच्या वजनानं उरलेल्या प्लेटला ओढतो, आणि ही ओढ फार मोठी असते.

हिमालयात ज्वालामुखींची रांग काढणारे तर दरवर्षी भेटतात. तिथं दोन्ही बाजूंना खंड आहेत. हलकं खंडीय कवच प्रावरणात सहज बुडत नाही, म्हणून ते चुरगळून जाड होतं. मधल्या टेथिस समुद्राचा तळ खाली बुडाला, टक्कर साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर आज समुद्रातला चुनखडक आहे.

आता आपल्याकडची चूक. ‘कोयना आणि किल्लारी प्लेटांच्या सीमेवर आहेत.’ नाहीत! ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा, दोन्ही भूकंप भूपट्टाच्या पोटातले. कोयनेचा संबंध जलाशयाशी जोडला जातो. उत्तरेकडच्या टकरीचा ताण आपल्यापर्यंत पोचतो हे खरं, पण ताण पोचणं वेगळं आणि सीमा असणं वेगळं. मी मुलांना नकाशा, पट्टी आणि प्रमाण देतो आणि किल्लारीपासून जवळची सीमा मोजायला लावतो. अंतर हजार किलोमीटरच्या वर जातं.

सीमेशी महाराष्ट्राचं खरं नातं हवं असेल तर पाकिस्तान-इराणचा मकरान किनारा पाहा. तिथं अरबी भूपट्ट युरेशियाखाली जातो. २८ नोव्हेंबर १९४५ला त्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती.