डायनासोर ४०० च्या पुढे जातच नव्हता, शेवटी काय निघालं बघा

सिडकोत परवा संध्याकाळी लाईट गेली, वायफाय पण गेलं, म्हटलं चला लॅपटॉपवर क्रोममधला तो डायनासोरवाला गेम खेळू, एकच बटण, स्पेस दाबा की उडी. पण माझा स्कोअर ४०० च्या पुढे जाईचना राव, आणि भाचा बाजूला बसून हसतोय, "मामा, तू लेट दाबतोस!"

मी म्हटलं वय झालं असेल (३६ च आहे). मग सहज अप ॲरोने खेळून पाहिलं, त्यानेही उडी मारता येते, तर एका झटक्यात ७०० पार, स्क्रीन काळी होऊन रात्र झाली ती मी पहिल्यांदाच पाहिली. म्हणजे घोळ माझ्या बोटाचा नव्हता, स्पेसबारचा होता. लॅपटॉप बंद करून उलटा केला, हळूच थोपटला, तर शेव, पोह्याचा चुरा आणि अख्खा शेंगदाणा, आमच्या चिवड्याची कृपा. डावीकडे दाबलं की बटण अडकून उशिरा खाली जायचं. मऊ ब्रशने कडा साफ केल्या, आता टकाटक चालतंय.

अजून एक कळलं, बटण दाबून धरलं तर उडी उंच आणि लांब जाते, पटकन सोडलं तर छोटी. स्पीड वाढल्यावर हवेत असतानाच डाऊन ॲरो दाबायचा, डायनो धपकन खाली येतो आणि पुढच्या निवडुंगावरून उडी मारायला वेळ मिळतो. भाच्याचा १८०० आहे, तो अजून तुटला नाही.