जनुकीय जोखमीवरचा पहिला शोधनिबंध लिहिताना

माझा पहिला शोधनिबंध टाइप २ मधुमेहाच्या जनुकीय जोखमीच्या भाकितावर होता. तो नियतकालिकाकडे पाठवण्याआधी मार्गदर्शकांनी मला एक काम सांगितले: प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या सहकारी मुलीला केवळ मसुदा द्यायचा, कोड द्यायचा नाही, आणि एका व्यक्तीच्या जनुकीय नोंदींवरून तिला जोखमीचा स्कोअर, म्हणजे तिच्या जनुकीय बदलांच्या जोखमीची बेरीज, काढायला सांगायचे. तिचे उत्तर माझ्या उत्तराशी जुळले नाही. दोन दिवस शोधाशोध केल्यावर कारण सापडले. स्कोअरसाठी घेतलेल्या यादीतल्या एका जनुकीय बदलाची दोन रूपे ए आणि टी (डीएनएची अक्षरे) अशी होती. डीएनएच्या एका धाग्यावर जिथे ए असतो तिथे समोरच्या धाग्यावर टी असतो, त्यामुळे अशा ठिकाणी नुसत्या अक्षरावरून कोणता धागा वाचला आहे हे कळत नाही. मी वापरलेला धागा तक्त्यात नोंदवलाच नव्हता. तिने उलटे रूप जोखमीचे धरले आणि तिचा हिशेब तिथेच फिरला. दोष सर्वस्वी माझ्या लेखनाचा होता.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी तीच कसोटी सुचवतो: केवळ तुमचा निबंध हाती असलेल्या अनोळखी वाचकाला एका नव्या व्यक्तीची जोखीम काढता आली पाहिजे.

याच गरजेतून ‘ग्रिप्स’ ही मार्गदर्शक सूचनावली तयार झाली. डिसेंबर २००९ मध्ये अटलांटा येथे तज्ज्ञांची कार्यशाळा झाली आणि २०११ मध्ये २५ मुद्द्यांची ही यादी अनेक वैद्यकीय नियतकालिकांनी प्रसिद्ध केली. विश्लेषण कोणत्या पद्धतीने करावे हे ती सांगत नाही. जे केले ते उघडपणे आणि पूर्ण लिहा, एवढेच ती मागते. सहभागी कसे निवडले, जनुकीय बदल कोणत्या निकषावर घेतले, गहाळ नोंदींचे काय केले, प्रतिकृती (जोखीम काढण्याचे गणिती मॉडेल) कशी बांधली आणि कोणत्या वेगळ्या गटात तपासली, हे सारे तीत येते. पुढे २०२१ मध्ये पॉलिजेनिक स्कोअरसाठी (अनेक जनुकीय बदलांचा एकत्रित स्कोअर) स्वतंत्र निकषही आले. माझा आग्रह असा की ही यादी विश्लेषण सुरू करण्याआधी भिंतीवर लावा, कारण निबंध लिहून झाल्यावर तिच्यातल्या चौकटी भरू लागलात तर गहाळ नोंदींचा निर्णय आपण नेमका का घेतला होता हे तुम्हाला स्वतःलाच आठवत नाही.

निष्कर्षांच्या भागात सर्वाधिक जपायची जागा म्हणजे तुलनेचा पाया. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन हृदयरोग अभ्यासातल्या सहभागींच्या मुलांच्या पिढीवर आधारलेला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला मधुमेहाचा अभ्यास मी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला देतो. त्यात १८ जनुकीय बदलांचा स्कोअर होता. केवळ लिंग विचारात घेतलेल्या प्रतिकृतीत तो मिळवल्यावर सी-स्टॅटिस्टिक (रुग्ण आणि निरोगी वेगळे ओळखण्याची क्षमता; ०.५ म्हणजे निव्वळ नाणेफेक, १ म्हणजे अचूक) ०.५३४ वरून ०.५८१ झाले, वय, कौटुंबिक इतिहास, वजन-उंचीचे प्रमाण, उपाशीपोटीची साखर, रक्तदाब आणि रक्तातील मेद आधीच धरल्यावर मात्र ते ०.९०० वरून जेमतेम ०.९०१ वर गेले. लेखकांनी दोन्ही आकडे दिले, हे त्या निबंधाचे मोठेपण आहे. केवळ पहिली जोडी छापली असती तर तीही खोटी ठरली नसती, पण वाचणाऱ्या डॉक्टरची फसगत झाली असती.

सी-स्टॅटिस्टिक, म्हणजेच एयूसी, फक्त क्रम सांगते: एक रुग्ण आणि एक निरोगी व्यक्ती समोर ठेवली तर रुग्णाचा स्कोअर जास्त असण्याची शक्यता किती. ज्यांना शंभरात वीस अशी जोखीम सांगितली, त्यांच्यापैकी खरोखर सुमारे वीस टक्के जणांना आजार झाला का, हे कॅलिब्रेशन सांगते, आणि नवोदितांच्या निबंधांत नेमके तेच गायब असते. रुग्ण आणि निरोगी व्यक्ती वेगवेगळ्या निवडून केलेल्या अभ्यासात तर रुग्णांचे प्रमाण संशोधकानेच ठरवलेले असते. तेव्हा प्रत्यक्ष जोखीम काढण्यासाठी समाजातील आजाराचे प्रमाण कुठून घेतले हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपल्याकडच्या संशोधकांसाठी आणखी एक मुद्दा कळीचा आहे. संपूर्ण जनुकसंचाचा धांडोळा घेणाऱ्या अभ्यासांतले बहुसंख्य सहभागी युरोपीय वंशाचे आहेत, आणि त्यांच्यावरून काढलेले भारांक (स्कोअरमध्ये प्रत्येक बदलाला दिलेले वजन) भारतीयांना जसेच्या तसे लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही. टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी असलेला संबंध पुण्यातील सहभागींमध्ये वेगळा तपासून २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी फेरतपासणी आपल्या प्रत्येक स्कोअरला हवी. ‘भारतीय सहभागी’ एवढ्यावर थांबू नका. ते कोणत्या भागातले, कोणत्या समाजगटांतले, रुग्णालयातून आलेले की गावपातळीवरील पाहणीतून, हेही नोंदवा.

आता तक्त्याविषयी. प्रत्येक जनुकीय बदलासाठी आरएस क्रमांक (त्या बदलाचा ओळख क्रमांक), गुणसूत्र, स्थान, संदर्भ जनुकसंचाची आवृत्ती, धागा, परिणामकारक रूप (ज्याला भारांक लागू होतो ते), दुसरे रूप, भारांक आणि तो कोणत्या अभ्यासातून घेतला, एवढे रकाने ठेवा. ही यादी चित्र म्हणून न चिकटवता संगणकाला वाचता येईल अशा फाइलमध्ये द्या आणि पीजीएस कॅटलॉग या पॉलिजेनिक स्कोअरच्या खुल्या संग्रहातही जमा करा. माझ्या त्या निबंधाचा तक्ता असा नऊ रकान्यांचा झाला, तेव्हा त्याच सहकारी मुलीने पुन्हा हिशेब केला आणि त्यानंतरच मार्गदर्शकांनी मसुद्यावर सही केली.