सोलापूर जिल्ह्यातल्या संस्था आणि त्यांचा पैसा कसा मोजावा

मी सोलापुरात सामाजिक आणि धर्मादाय संस्थांचे हिशेब लिहिते. सुरुवात पूर्व भागातल्या एका लहान संस्थेपासून झाली. विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी तिथं संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालायचा. आता वर्षातून दोन-तीनदा तरी एखादा विद्यार्थी नाहीतर देणगीदार विचारत येतो, "ताई, आपल्या जिल्ह्यात संस्था किती, आणि त्यांच्याकडे पैसा येतो किती?" त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

पहिली यादी धर्मादाय कार्यालयाची. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली इथं नोंद होते. क्रमांकापुढचं अक्षर नीट बघा: 'ए' म्हणजे बहुतेक देवस्थानं, 'एफ' म्हणजे सोसायट्या (घरांच्या नव्हेत, संस्था म्हणून नोंदलेल्या), 'ई' म्हणजे इतर न्यास, म्हणजे ट्रस्ट. नवखी माणसं इथंच फसतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी झालेल्या संस्थेला एक 'महाराष्ट्र' क्रमांक मिळतो आणि न्यास म्हणून दुसरा 'एफ' क्रमांक. दोन याद्या जोडल्या की एकच संस्था दोनदा मोजली जाते. म्हणून क्रमांक बाजूला ठेवा आणि नाव व पत्ता जुळवा.

यादी हातात आली म्हणजे संस्था हातात आल्या असं समजू नका. केंद्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१२ च्या अहवालात देशभरात नोंदलेल्या सुमारे ३१.७ लाख संस्था दाखवल्या. प्रत्यक्ष शोधायला गेल्यावर जेमतेम सात लाखांचा माग लागला. आपल्याकडेही तसंच आहे. एका पत्त्यावर मंडळाची चौकशी केली तर दारातल्या आजी म्हणाल्या, "मंडळ कसलं की ओ बाई, अध्यक्ष जाऊन चार वर्षं झाली." पण उलटंही घडतं, आणि ते मनाला जास्त लागतं. आमच्या अभ्यासवर्गाच्या संस्थेत विश्वस्त बदलले, त्या बदलाच्या नोंदीचा अर्ज धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षं पडून राहिला. कागदावर आम्ही मेलेलो होतो आणि वर्गात रोज मुलं बसत होती. त्यामुळं ऑडिट दाखल नाही एवढ्यावरून कुणालाही खोडू नका. अकराही तालुक्यांतून थोडी थोडी नावं उचला आणि पायी जाऊन बघा. सांगोला, करमाळा सोडून फक्त शहरात फिरलात तर उत्तर चुकणारच.

आता पैसा. ऑडिट अहवालात परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद आणि परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. नऊ आधी वाचा. देणग्या, शासकीय अनुदान, फी, व्याज, भाडं हे वेगवेगळे उतरवून घ्या. एकूण बेरजेवर भुलू नका. जिल्ह्यात सगळ्यात मोठे आकडे शिक्षण संस्थांचे निघतात आणि त्यात मोठा वाटा शिक्षकांच्या सरकारी पगाराचा असतो. हा पगार काही संस्था स्वतःच्या हिशेबात दाखवतात, काही दाखवत नाहीत. तो वेगळ्या रकान्यात काढला नाही, तर बालगृह चालवणारी संस्था त्या आकड्यांखाली दिसेनाशी होते. मोठी धर्मादाय रुग्णालयंही वेगळी धरा. तिथला पैसा मुख्यतः बिलांचा असतो, आणि त्याच १९५० च्या अधिनियमाच्या कलम ४१ एए प्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते, तो आकडा मात्र आवर्जून टिपा.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी खर्च करायचा पैसा केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर जिल्हावार दिसतो. कायदा सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्क्यांचा, २०१३ चा. आपल्याकडे फताटेवाडीचा एनटीपीसी प्रकल्प, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स अशी नावं डोळ्यांसमोर ठेवून बघा. काही खर्च 'संपूर्ण भारत' अशा मथळ्याखाली जातो, तो इथला म्हणून धरू नका. कंपनीचं फाउंडेशन हा पैसा पुढं लहान संस्थेला देतं तेव्हा तो दोघांच्याही ऑडिटमध्ये येतो. बेरीज करताना देणाऱ्याकडचा वजा करा आणि खर्च करणाऱ्याकडचा ठेवा. परदेशी निधीत हा घोळ आता नाही, कारण २०२० च्या दुरुस्तीनं तो एका संस्थेनं दुसरीला देणं बंद झालं.

नीती आयोगाचं 'दर्पण' हे स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं पोर्टल पडताळणीला बरं. पण तिथली नोंदणी संस्थेनं आपणहून केलेली असते, म्हणून ती एकूण संख्या नव्हे.

या सगळ्याबाहेर बरंच उरतं. गणेशोत्सव आणि जयंतीची मंडळं त्याच अधिनियमाच्या कलम ४१ सी खाली तात्पुरती परवानगी घेऊन वर्गणी काढतात. त्यांच्या पावत्यांतून रक्तदान होतं, एखाद्याच्या डायलिसिसचा खर्चही निघतो. बचत गट वेगळे. कुंभारीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली ती सहकारी गृहनिर्माण संस्थेतून, म्हणजे धर्मादाय यादीत ती शोधून सापडणार नाहीत. पंढरपूरची मंदिर समिती तर १९७३ च्या स्वतंत्र कायद्यावर चालते. अक्कलकोटच्या अन्नछत्रासारख्या ठिकाणी लोक धान्य देतात, हातानं वाढायला उभे राहतात. त्या राबण्याची किंमत परिशिष्ट नऊमध्ये येत नाही. मी 'वस्तू आणि श्रम' असा रकाना करते आणि त्यात पोती, ताटं, माणसांचे तास लिहिते. रुपयांत ओढूनताणून बदलत नाही.

संस्थांकडे दिवाळीनंतर जा. मार्चअखेरच्या हिशेबांचं ऑडिट ३० सप्टेंबरपर्यंत व्हायचं असतं, म्हणजे तोवर कागद तयार असतो. मार्चमध्ये गेलात तर चहा मिळेल, वही मिळणार नाही.