उनपदेवला पाण्याचे नमुने घ्यायला निघण्याआधी

जळगाव जिल्ह्यात अडावदच्या पुढे उनपदेवला गोमुखातून पडणारं गरम पाणी तपासायला न्यायचं, तर तयारी आदल्या दिवशी जळगावातच पुरी व्हायला हवी. हे पाणी उकळीच्या बरंच खालचं आहे, त्यावर टर्बाइन फिरायचं नाही. पण भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या, वीजघराला सगळ्यात जास्त छळतो तो नळीत बसणारा क्षार, आणि तो ओळखायचा हात इथे बसतो. दीपनगरच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात बॉयलरचं पाणी आधी डीएम प्लांटमध्ये क्षारमुक्त करतात. भूऔष्णिक वीजघराला जमिनीच्या पोटातलं पाणी मात्र आहे तसंच घ्यावं लागतं.

बाटल्या काचेच्या नकोत, काचेतूनच थोडी सिलिका (वाळूचा मुख्य घटक) पाण्यात उतरते. पॉलिप्रॉपिलिनच्या तीन घ्या. एकीत ०.४५ मायक्रॉनच्या गाळणकागदातून गाळलेलं पाणी आणि सामू (पीएच) २ च्या खाली येईल इतकं नायट्रिक आम्ल. ही कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोहासाठी. दुसरीत गाळलेलं पाणी, आम्लाविना; ही क्लोराइड, सल्फेटसाठी. तिसरीत नऊ भाग क्षारमुक्त पाणी घरूनच मोजून भरा आणि झऱ्यावर एक भाग नमुना त्यात घाला. ही सिलिकेची. बिनस्फटिकी, म्हणजे पाण्यातून गाळासारखी बसणारी, सिलिका १०० अंशांना जेवढी विरघळते, त्याच्या साधारण एक तृतीयांशच २५ अंशांना विरघळलेली राहते. वीजघराच्या खोल विहिरीचं पाणी तसंच बाटलीत निवू दिलं तर सिलिका बाटलीच्या भिंतीला चिकटते, प्रयोगशाळेत आकडा कमी येतो आणि त्या आकड्यावर बांधलेला हीट एक्स्चेंजर (पाण्याची उष्णता काढून घेणारं यंत्र) तुंबतो. उनपदेवला या बाटलीवाचून कदाचित अडणार नाही, तरी ती न्याच.

सामूमापक ४, ७ आणि ९.२ सामूच्या बफरवर (ठरावीक सामूच्या द्रावणांवर) लावून घ्या. थर्मामीटर आणि क्षारता (पाणी किती आम्ल पचवतं ते) मोजायचं टायट्रेशनचं सामानही सोबत हवं, कारण सामू आणि क्षारता जागेवरच मोजायची असते. पाण्यावरचा दाब उतरला की कार्बन डायऑक्साइड निसटतो, सामू चढतो आणि कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) खाली बसतं. वीजघराच्या खऱ्या विहिरीत हे सगळं, पाणी वाफाळू लागतं त्या खोलीपासून सुरू होतं. म्हणून क्षार रोखणारं रसायन बारीक नळीने त्याहूनही खाली सोडतात. सिलिकेचा त्रास उलट, पाणी निवतं त्या टोकाला.

गाळणकागद आधी वाळवून, वजन करून, क्रमांक घालून न्या. परतल्यावर १०५ अंशांना वाळवून पुन्हा वजन केलं की तरंगता गाळ कळतो. वीजघरात वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडताना हेच कण खडकाच्या फटी बुजवतात, म्हणून हे काम रटाळ वाटलं तरी टाळू नका. कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सी भागातल्या भूऔष्णिक वीजघरांत तर गाळालाच कामाला लावलं आहे. तिथल्या विहिरींच्या पाण्यात वजनाने २० टक्क्यांच्या वर क्षार. खडीसाखर जशी दोऱ्यावर धरते, तशी सिलिका पाण्यात मुद्दाम सोडलेल्या बारीक कणांवर धरते, भांड्याच्या भिंतीवर कमी बसते, आणि पुढे मोठ्या टाकीत तो गाळ निवळून काढतात.

हातमोजे आणि चष्मा आम्लाच्या बाटलीशेजारीच ठेवा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी ड्रॉपर बाटली वेगळी घ्या. दगडावरच्या पांढऱ्या थराचा कपचा फसफसला तर कार्बोनेट, ढिम्म राहिला तर सिलिकेचा संशय धरा. पण हे देवाचं ठिकाण आहे, लोक श्रद्धेने आंघोळीला येतात. पुजारीबाबांना आधी विचारा, गोमुखाला हात लावू नका, कपचा बाहेरच्या ओहळातला घ्या आणि आम्लाचा थेंब गावाबाहेर येऊन टाका. यात्रेचे दिवस टाळून पहाटेच पोहोचा, म्हणजे साबण पडायच्या आत नमुना हाती येतो.