मिक्स सॅम्पलमधले अननोन बॅक्टेरिया ओळखताय? मग या चुका टाळा

डायबेटिक पेशंटच्या पायाच्या जखमेतला पू कल्चरला आला की त्यात एकच बॅक्टेरिया निघेल ही अपेक्षा आधीच सोडून द्या. स्टॅफिलोकोकस ऑरियस, प्रोटियस, ई. कोलाय, क्लेबसिएला, सुडोमोनास, एन्टरोकोकस आणि वर अ‍ॅनारोब्ज (ऑक्सिजनमध्ये न वाढणारे), यातले दोन-तीन तरी तिथे एकत्र नांदत असतात. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला जो अननोन (नाव न सांगता ओळखायला दिलेला नमुना) देतात तो त्यामानाने सोपा, बहुतेक वेळा एक ग्राम पॉझिटिव्ह (ग्राम स्टेनमध्ये निळा राहणारा) आणि एक ग्राम निगेटिव्ह (लाल दिसणारा) असतो आणि काय घातलंय ते सरांना माहीत असतं, पण चुका मात्र दोन्हीकडे त्याच होतात. पोरांना आयएमव्हिकचा (इंडोल, मिथाइल रेड, व्हीपी, सायट्रेट या चार टेस्टचा) तक्ता तोंडपाठ असतो तरी उत्तर चुकतं, कारण ज्या कॉलनीवर सगळ्या टेस्ट लावल्या ती मुळात प्युअरच (एकाच बॅक्टेरियाची) नव्हती. खालचं जवळपास सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतंय.

स्मिअर न बघता थेट प्लेट लावणे

घाई असते मान्य, पण पेशंटच्या सॅम्पलचा डायरेक्ट ग्राम स्मिअर हा तुमचा हिशोब आहे. त्यात पस सेल्स किती, घोसातले कॉकाय (गोल बॅक्टेरिया) दिसले का, साखळीतले दिसले का, ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय (कांडीसारखे) एकाच जाडीचे आहेत की दोन प्रकारचे, हे सगळं लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी प्लेटवर जे आलं ते याच्याशी ताडून बघा. स्मिअरमध्ये तीन प्रकार आणि प्लेटवर एकच, म्हणजे दोघांचा पत्ता अजून लागायचाय. एकच स्वॅब आला असेल तर आधी प्लेट लावा आणि मग त्याच स्वॅबने स्मिअर करा, उलटं केलंत तर स्लाइडवरची घाण प्लेटवर जाते.

स्मिअरमध्ये भरपूर बॅक्टेरिया आणि प्लेटवर शून्य, हा प्रश्न सारखा येतो. पेशंटला आधीच अँटिबायोटिक सुरू असेल किंवा ते अ‍ॅनारोब्ज असतील, आणि तुम्ही प्लेट नुसती हवेत इन्क्युबेट केली असेल. अशा सॅम्पलला सुरुवातीलाच रॉबर्टसनचं कुक्ड मीट किंवा थायोग्लायकोलेट (अशांना वाढवणारी मीडिया) लावून ठेवलेलं बरं. छातीच्या इन्फेक्शनच्या सॅम्पलमध्ये हिमोफिलस असतो, तो मेंढीच्या रक्ताच्या ब्लड अगारवर एकटा वाढत नाही, त्याला चॉकलेट अगार लागतो. मिक्स ग्रोथमध्ये स्टॅफच्या कॉलनीशेजारी बारीक थेंबासारख्या कॉलनी दिसल्या आणि लांबवर काहीच नाही, तर तिकडे दुर्लक्ष करू नका, तो हिमोफिलस असू शकतो.

आणि स्मिअरमध्ये स्क्वॅमस सेल्सचाच (कातडी-तोंडाच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) खच असेल तर ती पेशंटची कातडी किंवा लाळ तुम्ही ओळखत बसणार आहात. थुंकीच्या सॅम्पलमध्ये लो पॉवरच्या एका फील्डला १० पेक्षा जास्त स्क्वॅमस सेल्स दिसले तर सरळ नवीन सॅम्पल मागवा. पायाच्या जखमेतही वरवर फिरवलेल्या स्वॅबपेक्षा जखम धुवून खोलवरचा टिश्यू आला तर निम्मं कन्फ्यूजन तिथेच संपतं. लघवीत तीन किंवा जास्त प्रकार उगवले तर सगळ्यांना नावं द्यायच्या भानगडीत पडू नका, ते बहुधा कंटॅमिनेशनच.

स्ट्रीकिंगमधला कंजूषपणा

प्लेटच्या एका कोपऱ्यात सगळं उरकायचं, प्रत्येक भागानंतर लूप (कल्चर पसरवायची तार) भाजायचा नाही, किंवा भाजला तर गार न करता तसाच टेकवायचा, मग कल्चर जळून जातं आणि म्हणायचं ग्रोथच नाही. ओल्या प्लेटवर तर कॉलनी एकमेकीत वाहत जातात, त्यामुळे प्लेट आधी उलटी ठेवून सुकवा. आणि कॉलनी उचलायची ती शेवटच्या भागातली, एकटी पडलेली, तिच्या डोक्यावरून, प्लेटला लूप न खरवडता.

प्रोटियस

याला वेगळा मान द्यायलाच हवा. ब्लड अगारवर रात्रभरात हा लाटांसारखा सगळीकडे पसरतो आणि त्याचा पापुद्रा कधी कधी इतका पातळ असतो की प्लेट उजेडात तिरकी धरल्याशिवाय दिसतच नाही. खाली स्टॅफिलोकोकस असतो, एन्टरोकोकस असतो, तुम्ही त्यांची कॉलनी उचलता आणि सोबत प्रोटियस उचलता, मग पुढच्या प्लेटवर परत तेच. चार-चार वेळा सबकल्चर करून वैतागलेले लोक बघितलेत. पण ब्लड अगारवरच पुन्हा पुन्हा स्ट्रीक करून हा सुटत नाही, मीडियम बदलावं लागतं.

मॅकॉन्की अगारमधल्या बाइल सॉल्टमुळे त्याचं पसरणं थांबतं. लघवीसाठी सीएलईडी अगार वापरतात, त्यात क्षार कमी ठेवलेले असतात म्हणून तो तिथे पसरत नाही. ग्राम पॉझिटिव्ह बाहेर काढायचे असतील तर कोलिस्टिन-नॅलिडिक्सिक अ‍ॅसिडवाला कोलंबिया अगार किंवा फिनाइल इथाइल अल्कोहोल अगार, आणि खास स्टॅफसाठी ७.५ टक्के मीठ असलेला मॅनिटॉल सॉल्ट अगार. यातलं काहीच नसेल तर ब्लड अगारमध्ये अगारचं प्रमाण वाढवून ४ टक्क्यांच्या आसपास न्या, पसरणं बरंच आवरतं. मॅनिटॉलवर पिवळं झालं म्हणजे ऑरियसच असं मात्र धरू नका, सॅप्रोफायटिकससारखे दुसरे स्टॅफही पिवळे होतात.

सिलेक्टिव्ह प्लेटवरची कॉलनी प्युअर समजणे

सर्वात जास्त घात इथे होतो. सिलेक्टिव्ह मीडियम बाकीच्यांना दाबतं, मारतंच असं नाही. मॅकॉन्कीवर छान एकटी गुलाबी कॉलनी दिसते आणि तिच्या बुडाशी दुसरे जिवंत बॅक्टेरिया गप पडून असतात, तुम्ही ती उचलून पेप्टोनच्या पाण्यात टाकता आणि तिथे अडवणारं काहीच नसल्याने सगळे वाढतात. म्हणून मॅकॉन्कीवरून थेट बायोकेमिकल टेस्ट लावू नका. आधी न्यूट्रिएंट किंवा ब्लड अगारवर एकदा, शंका असेल तर दोनदा काढा, ग्राम करून बघा आणि मग पुढे जा. बायोकेमिकलसाठी जे सस्पेन्शन केलंय त्याचाच एक लूप ब्लड अगारवर प्युरिटी प्लेट म्हणून लावा. सकाळी तिथे दोन प्रकारच्या कॉलनी दिसल्या तर टेस्टचे रंग कितीही सुंदर आलेले असोत, सगळं रद्द.

याची उलटी बाजूपण आहे बरं का. दोन प्रकारच्या कॉलनी म्हणजे दरवेळी दोन बॅक्टेरिया नसतात. सुडोमोनास एकाच सॅम्पलमधून चिकट आणि चपट्या अशा दोन्ही कॉलनी देतो, स्टॅफ कधी कधी अगदी बारीक कॉलनी देतो. प्रत्येकीचा वेगळा ग्राम आणि ऑक्सिडेज टेस्ट केल्याशिवाय मोजणी करू नका.

ग्राम स्टेन फसवतो तेव्हा

१८ ते २४ तासांचं ताजं कल्चर घ्या. जुन्या प्लेटवरचे ग्राम पॉझिटिव्ह निळा रंग सोडतात आणि लाल दिसतात, मग एकाच प्युअर कल्चरमध्ये लाल-निळे दोन्ही दिसून लोक मिक्स आहे मिक्स आहे म्हणून ओरडतात. अल्कोहोल जास्त वेळ ओतलं तरी तेच. उलट अ‍ॅसिनेटोबॅक्टर निळा रंग धरून बसतो आणि जोडीतला गोलसर दिसतो, त्यामुळे तो ग्राम पॉझिटिव्ह कॉकाय म्हणून खपून जातो. उपाय फार साधा, स्लाइडच्या एका टोकाला माहितीतला स्टॅफ ऑरियस, दुसऱ्या टोकाला ई. कोलाय आणि मध्ये तुमचा अननोन. तरी शंका राहिली तर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कॉलनी घोळवून लूप वर उचला, तार निघाली तर बहुतेक ग्राम निगेटिव्ह.

कॅटलेज, ऑक्सिडेज, कोअ‍ॅग्युलेज

या तीन एन्झाइम टेस्ट पटकन होतात म्हणून निष्काळजीपणे केल्या जातात. ब्लड अगारवरून कॉलनी उचलताना खालचं रक्त आलं तर कॅटलेज खोटं पॉझिटिव्ह येतं कारण लाल पेशींमध्येच कॅटलेज असतं. एन्टरोकोकसला (तो कॅटलेज निगेटिव्ह, स्टॅफ पॉझिटिव्ह) स्टॅफ ठरवायचा हा हमखास रस्ता. ऑक्सिडेज मॅकॉन्कीवरून करू नका, तिथलं अ‍ॅसिड टेस्ट बिघडवतं. निक्रोमचा लूपही नको कारण त्याने खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं, लाकडी काडी घ्या. १० सेकंदांत जांभळं झालं तर धरा, एक मिनिटाने झालेलं धरू नका.

ट्यूब कोअ‍ॅग्युलेज (प्लाझ्माची गुठळी होते का ही टेस्ट) ४ तासांनी बघायचं आणि निगेटिव्ह असेल तर परत २४ तासांनी. काही ऑरियस आधी गुठळी करतात आणि नंतर स्वतःच विरघळवतात, फक्त सकाळी येऊन बघणाऱ्याला ती निगेटिव्ह दिसते. आणि मिक्स कल्चरवाल्यांनी हे लक्षात ठेवाच: प्लाझ्मा सायट्रेटमधला (गोठू नये म्हणून घातलेलं) असेल आणि सोबत एन्टरोकोकस किंवा सुडोमोनाससारखा सायट्रेट खाणारा आला, तर सायट्रेट संपून प्लाझ्मा आपोआप गोठतो. ऑरियस नसतानाही पॉझिटिव्ह! ईडीटीएमधला सशाचा प्लाझ्मा वापरा.

आयएमव्हिक आणि टीएसआय

मिक्स कल्चरच्या टेस्ट म्हणजे दोघांची बेरीज. ई. कोलाय इंडोल आणि मिथाइल रेड पॉझिटिव्ह, क्लेबसिएला न्यूमोनिए व्हीपी आणि सायट्रेट पॉझिटिव्ह, दोघं एकत्र आले की चारही पॉझिटिव्ह दिसू शकतात आणि तुम्ही पुस्तकात असा बॅक्टेरिया शोधत बसता. इंडोल, व्हीपी आणि सायट्रेट पॉझिटिव्ह असलेला क्लेबसिएला ऑक्सिटोका खरोखर असतो, म्हणून नाव द्यायच्या आधी प्युरिटी प्लेट बघा. तसंच टीएसआय (ट्रिपल शुगर आयर्न अगार) पूर्ण पिवळा, गॅस, आणि ऑक्सिडेज पॉझिटिव्ह आलं तर एरोमोनास असू शकतो, नाहीतर ई. कोलाय आणि सुडोमोनासची जोडी.

टीएसआय १८ ते २४ तासांतच वाचा. लवकर वाचला तर सगळेच पिवळे दिसतात, उशिरा वाचला तर वरचा भाग परत लाल होतो. झाकण ढिलं ठेवा. सायट्रेटला कल्चर अगदी थोडं लावा, जास्त लावलं तर सोबत गेलेल्या अन्नावरच वाढतं आणि खोटं पॉझिटिव्ह येतं.

मशीनवाल्यांनीही फार खूश होऊ नये. मिक्स सस्पेन्शन व्हायटेकला (बॅक्टेरिया ओळखणारं ऑटोमॅटिक मशीन) दिलं तर ते तुमच्यावर न ओरडता एखादं भलतंच नाव देऊ शकतं. माल्डी-टॉफ (प्रोटीनवरून ओळखणारं मशीन) उत्तम आहे पण ई. कोलाय आणि शिगेला तो नीट वेगळे करत नाही.

सुडोमोनास लिहून मोकळं होण्याआधी

पेशंट डायबेटिक, किनारपट्टीकडचा किंवा शेतात काम करणारा, आणि ऑक्सिडेज पॉझिटिव्ह ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय जे लॅक्टोज फरमेंट करत नाहीत, तर जेंटामायसिन, कोलिस्टिन आणि को-अमॉक्सिक्लॅव्ह या अँटिबायोटिकच्या डिस्क बघा. पहिल्या दोघांना रेझिस्टंट आणि तिसऱ्याला सेन्सिटिव्ह असेल तर बर्कहोल्डेरिया सुडोमॅलाय असू शकतो. ग्राममध्ये दोन टोकं गडद, सेफ्टी पिनसारखा दिसतो, आणि कॉलनी दोन-तीन दिवसांनी सुरकुततात. उडुपी-मंगळूर पट्ट्यातून मेलिओइडोसिसचे (याच बॅक्टेरियाच्या आजाराचे) पेशंट नियमित सापडतात, त्यामुळे कोकण-गोव्यातल्या लॅबनेही हा डोक्यात ठेवावा. मशीन याला कधी कधी बर्कहोल्डेरिया सेपेशिया म्हणून सोडून देतं. अशी शंका आली की प्लेट हुंगायची नाही, उघड्या टेबलावर काम करायचं नाही, सेफ्टी कॅबिनेटमध्ये न्यायची आणि सिनियरना लगेच कळवायचं.

आणि रिपोर्ट गेला म्हणून ओरिजिनल प्लेटा लगेच ऑटोक्लेव्हला पाठवू नका. दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा आणि प्रत्येक प्युअर कल्चरचा एक स्लँट (तिरक्या अगारची ट्यूब) लेबल लावून बाजूला काढा, कारण वॉर्डातून फोन येतोच की पेशंटला फरक नाही, अजून काही होतं का त्यात.