थुंकीचा ग्लास आणि माझा थकवा

वर्षभर दुपारी तीन वाजले की अंगातलं त्राणच जायचं. जोडीला जांघेत खाज, जिभेवर पांढरा थर. कुणीतरी म्हणालं, पोटात यीस्ट, म्हणजे एक बुरशी, वाढलंय; पाण्यात थुंकीचे तंतू लोंबले की समज. सकाळी उठल्या उठल्या पाण्याच्या ग्लासात थुंकून पाहिलं. खाली तंतू लोंबले. झालं, खात्री पटली! (धडधाकट माणसाची थुंकीही तशीच लोंबते, हे नंतर कळलं.) दोन महिने पाव, इडली, ढोकळा बंद. वाढली फक्त चिडचिड.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी जीभ बघून विचारलं, "रात्री लघवीला किती वेळा उठता?" तीन-चार वेळा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, निघाली ९.२ टक्के; ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. उपाशीपोटीची साखरही चढलेलीच. रक्तात साखर वाढली की कॅन्डिडा या यीस्ट-बुरशीचं फावतं, आणि तीच साखर पेशींना नीट वापरता येत नाही म्हणून माणूस गळून जातो. म्हणजे माझा थकवा बुरशीने आणलेला नव्हता. दोघांचं मूळ एकच.

जिभेला बुरशीवरचं क्लोट्रिमेझोल, पोटात साखरेवरची मेटफॉर्मिन, जेवणानंतर २० मिनिटं चालणं. चहातली साखर सुटायला मात्र फार वेळ लागला. तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.९ टक्के. दुपारी डोळे अजून मिटतात, पण ती भाताची गुंगी.