पावसाळ्यात कोंबडीची पिल्लं जगवायची असतील तर आधी पाण्याच्या भांड्याखाली हात घाला

आभाळ भरून यायला लागलंय. पुढचे काही आठवडे ऊन कधी आणि किती मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून बाकी सगळं नंतर, आधी एवढं एक काम आजच करा. खुराड्यात किंवा शेडमध्ये जा, पाण्याचं भांडं उचला आणि त्याच्या खालचं तूस मुठीत घेऊन घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तुमची पिल्लं आजपासून धोक्यात आहेत. गोळा झाला पण हळूहळू फुटला तर गादी, म्हणजे जमिनीवर अंथरलेला तुसाचा थर, ठीक आहे. गोळा झालाच नाही, नुसती धूळ उडाली, तर जरा जास्त कोरडं आहे पण पावसाळ्यात ती काळजी नको.

दर पावसाळ्यात मी हेच बघत आलोय. पिल्लं चांगली आणलेली असतात, लस वेळेवर दिलेली असते, खाद्यात काटकसर नसते, आणि तरी चौथ्या पाचव्या आठवड्यात पटापट माना टाकायला लागतात. मग फोन येतो, दादा कुठलं औषध देऊ. मी आधी विचारतो गादी कशी आहे, तर उत्तर ठरलेलं, सगळी कोरडी आहे ओ, फक्त पाण्याजवळ जरा ओल आहे. अहो, पिल्लू दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा जातं कुठं? पाण्याजवळच ना. तिथेच पितं, तिथेच शिटतं, तिथेच चोच घालून उकरतं आणि तिथलंच पोटात घेतं. बाकी शंभर फूट जागा कोरडी ठेवून उपयोग काय, मरतुक त्या दोन हात जागेतून सुरू होते.

आजार म्हणजे रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस. याचे जंतू शिटेतून पडतात तेव्हा लगेच आजार करत नाहीत, त्यांना पिकायला ओल, ऊब आणि हवा लागते. ती मिळाली की एक दोन दिवसात तयार होतात, पिल्लाने ते टिपले की पुढच्या आठवडाभरात आतडं खराब करून हजारोंच्या संख्येने परत शिटेतून बाहेर. म्हणजे पहिल्या पिल्लाने खाल्लेलं थोडं असतं पण दुसऱ्या तिसऱ्या फेरीत जे पडतं ते सगळ्या बॅचला पुरून उरतं. कोरड्या गादीत ही पिकायची पायरीच अडखळते. थोडे जंतू पोटात गेले तर उलट पिल्लाची प्रतिकारशक्ती तयार होते, त्यामुळे एकही जंतू नको असा आपला हट्ट नाही, फक्त त्यांना ओल मिळू द्यायची नाही.

आणि शेड फवारायला जे फिनाईलसारखं जंतुनाशक विकतात ना, त्याने या जंतूंच्या कवचाला काही होत नाही. बाकीच्या रोगांसाठी फवारणी करा, नाही म्हणत नाही, पण फवारलं म्हणजे रक्ती हगवण येणार नाही असं समजून ओलं तूस तसंच ठेवलं तर फवारणीचं पाणी वर आणखी ओल करून जातं.

आता ओल होते कशाने. निम्म्याहून जास्त वेळा पाऊस दोषी नसतो, भांडं दोषी असतं. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला पाहिजे, त्याखाली असेल तर पिल्लं त्यात पाय घालतात, पाणी सांडतं. पिल्लं वाढतात आणि भांडं तिथेच राहतं, ही सगळ्यात नेहमीची चूक. दर आठवड्याला एक वीट वाढवा किंवा दोरी वर घ्या. भांडं लाकडी चौकटीला जाळी मारून त्यावर ठेवता आलं तर फारच उत्तम, सांडलेलं खाली जातं आणि पिल्लाची चोच तिथे पोचत नाही. काठोकाठ भरू नका. भांड्याची जागा अधूनमधून बदला. आणि रोज सकाळी भांड्याखालचं ओलं तूस फावड्याने उचलून बाहेर, त्या जागी मूठभर नाही, पाटीभर कोरडं टाका. काढलेलं ओलं तूस दाराशी टाकू नका, मोकळ्या कोंबड्या तिथेच उकरायला जातात. लांब खड्ड्यात, झाकून.

दुसरं कारण पडदे. पाऊस आला की लोक पोती, ताडपत्री वरपासून खालपर्यंत बांधून टाकतात, शेड बंद डबा होतो. शंभर मोठ्या कोंबड्या दिवसाला २० ते २५ लिटर पाणी पितात, त्यातलं बरंचसं शिटेतून आणि श्वासातून शेडमध्येच येतं, ते जाणार कुठं? पडदा खालून वर ओढायचा आणि वरची फूटभर जागा कायम उघडी ठेवायची, रात्रीसुद्धा. छपराची पाघोळी आत येत असेल तर छप्पर तीन फूट पुढे काढा, तेवढ्याने पडद्याची गरज बरीच कमी होते. पहाटे दार उघडल्या उघडल्या नाकात झोंबलं, डोळे चुरचुरले तर समजा अमोनिया, म्हणजे ओल्या शिटेतून निघणारा झोंबरा वायू, झालाय. आपण उभे असतो, पिल्लू जमिनीपाशी असतं, त्याला आपल्यापेक्षा जास्त लागतो. मग डोळे चिकटतात, अंडी कमी होतात, सर्दी सुरू होते आणि आपण सर्दीचं औषध शोधत बसतो.

गादी दोन ते तीन इंच तरी पाहिजे, पावसाळ्यात चार इंच करा. रोज एकदा दाताळ्याने खालवर. मोठ्या कोंबड्या असतील तर संध्याकाळी थोडे दाणे गादीवर फेकायचे, त्याच उकरून गादी हलवतात, तुमचं काम अर्धं होतं. गोळे बांधले असतील ते काढून टाका. चुना टाकायचा तर विरलेला, भुकटी केलेला, १० चौरस मीटरला साधारण १ किलो, आणि पक्षी बाजूला घेऊन मिसळून घ्या, कारण टाकल्याबरोबर अमोनियाचा वास वाढतो. कळीचा, म्हणजे न विरलेला चुना टाकू नका, ओलीत तापतो आणि पाय भाजतात. तूस घेताना सुद्धा हुंगून घ्या, बुरशी आलेलं तूस असेल तर ते फुकट मिळालं तरी नको, बुरशी पिल्लाच्या फुप्फुसात जाते.

माझा एक ठोकताळा आहे, शास्त्रात कुठे लिहिलेला नाही. सलग तीन दिवस ऊन पडलं नाही की पाचव्या सहाव्या दिवशी मी सकाळी वाकून शीट बघतो, आणि दिवसा कोंबड्या उगाच दांडीवर किंवा विटेवर चढून बसायला लागल्या की गादी ओली झालीय असं धरून चालतो. बहुतेक वेळा खरं निघतं.

नेहमीची कामं थोडक्यात, ही तुम्हाला माहीत आहेतच:

- ब्रूडर (पिल्लांना ऊब द्यायची जागा): पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी
- जागा: पिल्लाला अर्धा चौरस फूट, मोठ्या कोंबडीला दीड ते दोन, पावसाळ्यात दोनच धरा
- लस: ५ ते ७ व्या दिवशी लासोटा किंवा एफ-१ (दोन्ही राणीखेत म्हणजे मानमोडीच्या लसी) डोळ्यात एक थेंब, १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात लासोटा परत, ६ ते ७ आठवड्यांना देवीची, ८ आठवड्यांना आर-टू-बी (हीसुद्धा राणीखेतचीच)
- लस बर्फातून आणा, २ ते ८ अंश, कालवल्यावर दोन तासांत संपवा
- खाद्य: पिल्लांना २० टक्के प्रथिनं, अंड्यावरच्या कोंबडीला १६ टक्के आणि शिंपल्याचा चुरा वेगळा ठेवा
- उजेड: अंड्यावरच्या कोंबड्यांना दिवस आणि बल्ब मिळून १६ तास
- कोंबड्यांना अंग घोळायला राखेचा खड्डा: छपराखाली, कोरडा
- मोकळ्या कोंबड्यांना दोन तीन महिन्यांनी जंताचं औषध

खाद्याचं पोतं जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवू नका, फळीवर ठेवा. मका दाताखाली कडक तुटला पाहिजे, मऊ लागला तर ओल आहे, आणि ओल्या मक्यात बुरशीचं विष होतं. एकदा विष झालं की खाद्य उन्हात घालून ते जात नाही. पंधरा दिवसांपुरतंच खाद्य आणा, स्वस्त मिळतंय म्हणून महिन्या दोन महिन्यांचं भरून ठेवू नका.

या दिवसांत रवण घालायची का, म्हणजे कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवायची का, हे बरेच जण विचारतात. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी आहे, अंडी ताजी आहेत तर घाला, पण २१ दिवसांनी निघणारी पिल्लं तीन आठवड्यांची होतील तेव्हा पाऊस ऐन भरात असेल का ते आधी मोजा. तेवढी कोरडी जागा नसेल तर महिनाभर थांबलेलं बरं. घालायचीच तर सात दिवसांच्या आतली अंडी, न धुतलेली, एका कोंबडीखाली १० ते १२. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, स्वच्छ दिसलं तर काढून टाका. कोंबडा ८ ते १० कोंबड्यांना एक, आणि तो याच घरच्या कोंबड्यांचा भाऊ नको, दरवर्षी बाहेरचा आणा नाहीतर पिल्लं दुबळी निघतात. पिल्लं निघाली की आईसकट स्वतंत्र डालग्याखाली, मोठ्यांच्या गादीवर सोडू नका, मोठ्या कोंबड्या स्वतः आजारी दिसत नाहीत पण जंतू त्यांच्या शिटेत असतात.

आता दुकानदाराकडे जायची वेळ आलीच तर. लिव्हर टॉनिक, इम्युनिटी बूस्टर, ग्रोथचं लिक्विड, अशा तीन चार बाटल्या काउंटरवर येतील. त्यातली एकही ओल सुकवत नाही. त्याच पैशात तूस येतं आणि तुसाने जास्त पिल्लं वाचतात, हे मी ठामपणे सांगतो. अँटिबायोटिक तर स्वतःच्या मनाने अजिबात नको, या जंतूवर बरीचशी चालत नाहीत आणि अंड्या मांसात उतरतात ते वेगळंच. हळद लसूण खाद्यात घालता तर घाला, पिल्लं आवडीने खातात, पण रक्त पडायला लागल्यावर त्यावर विसंबू नका.

रक्ती हगवणीची पिल्लं अशी दिसतात: अंग फुगवून कोपऱ्यात, पंख खाली सोडलेले, डोळे मिटलेले, तुरा पांढुरका, शीट आधी चॉकलेटी मग लाल. मेलेलं पिल्लू फाडलं तर आतड्याच्या शेवटाकडे दोन बंद नळ्या असतात त्या रक्ताने टम्म भरलेल्या. असं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा, उद्यावर टाकू नका. साधारणपणे अँप्रोलियम २० टक्के पावडर देतात, आजार जोरात असेल तर १ लिटर पाण्याला १.२ ग्रॅम ३ ते ५ दिवस, मग ०.३ ग्रॅम एक ते दोन आठवडे. पाकिटावरची टक्केवारी वाचा, वेगळी असेल तर प्रमाण बदलतं. रोज ताजं कालवा, दुसरं पाणी ठेवू नका, शेडभोवतीची डबकी सुद्धा बुजवा नाहीतर मोकळी पिल्लं औषधाचं पाणी सोडून तिथेच पितात. हे औषध चालू असताना बी जीवनसत्त्वाचं टॉनिक देऊ नका, त्यातल्या बी-१ मुळे औषधाचा जोर कमी होतो, ते कोर्स संपल्यावर द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांना कुठलंही औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारूनच घ्या, मांसाच्या पक्ष्यांचंही तसंच.

औषध सुरू केलं त्याच दिवशी पाण्याच्या भांड्याखालचं आणि भोवतीचं सगळं तूस जमिनीपर्यंत खरवडून काढा, नाहीतर औषध थांबेल आणि पिल्लं परत तेच टिपतील. आजारी पिल्लांकडे शेवटी जा, आणि तिथली चप्पल तिथेच ठेवा.